रंधा घ्यावा वाजवून

गेल्या अंकात पताम, म्हणजे फळीच्या कडेला पायरीसारखी खाच, मारायच्या रंध्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी पिशवी भरून पाठवली, वर चिठ्ठी : "मेस्त्री, हे तुम्हीच निस्तरा." निस्तरतो. पॉलिश, वाळवी, दाराचं फुगणं हा नेहमीचा बाजार या वेळी बंद. हे सदर फक्त जुन्या, खास कामाच्या रंध्यांचं.

नव्या वाचकांसाठी ओळख एका दमात. मी कोल्हापूरच्या एका फौंड्रीत ३४ वर्षं पॅटर्न शॉपमध्ये होतो. जी वस्तू बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ओतायची तिचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, मग ओतायचं. बीड गार होताना फुटाला १/८ इंच आकसतं, म्हणून आमच्या फूटपट्ट्याही तेवढ्या लांब असायच्या. आमच्या थोरल्याने त्यातली एक भूमितीच्या पेपराला नेली आणि सगळे त्रिकोण चुकवून आला. सांगायचा मुद्दा, खास रंधे बहुतेक बिडाचे असतात आणि कापतात लाकूड. दोन्हींशी माझा घरोबा आहे.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात 'रेकॉर्ड ०४४' हा झिरी (फळीतली अरुंद लांब खाच) मारायचा रंधा १८०० रुपयांना घेतला. अंगावर गंज, पातं एकच आणि तेही अर्ध्या इंचाचं, गाईडची एक दांडी किंचित वाकलेली. मला ड्रॉवरच्या तळाच्या प्लायसाठी झिरी मारायची आहे. फसलो का? आणि पुढच्या वेळी काय बघून घेऊ? – एक वाचक, पुणे

उत्तर : फसला नाहीत. पण रंधा अर्धाच घेतलात.

साध्या रंध्यात अंग, पातं आणि मूठ. काही हरवलं तर हार्डवेअरवाल्याकडे काहीतरी चालवून घेता येतं. खास रंध्याचे सुटे भाग मात्र तीन मालक आणि दोन वाटण्यांत कुठल्या कुठे गेलेले असतात. तुमचा ०४४ कारखान्यातून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर गाईड (फळीच्या कडेला टेकून रंधा सरळ चालवतं ते), गाईडच्या दोन दांड्या, झिरी किती खोल जावी ते ठरवणारा खोलीचा स्टॉप, पातं दाबून धरणारा क्लॅम्प आणि १/८ पासून ९/१६ इंचापर्यंत आठ पाती होती. बाजारात उकिडवं बसून आधी हे मोजायचं. गंज बघून नाक मुरडणारे आणि चमक बघून भुलणारे, दोघेही भाग मोजायला विसरतात. विकणारा मात्र विसरत नाही. आठ पाती असती तर त्याने १८०० ला हात लावू दिला नसता.

दांडीची चिंता सोडा. ती काचेवर लोळवा, मध्ये उजेड दिसला की वाकडी. सरळ करत बसू नका. व्हर्नियरने जाडी मोजा आणि लेथवाल्याकडून त्या मापाची ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई, कापून आणा. दोन्ही दांड्या नव्याच घाला. गाईड त्यांच्यावरून आडकाठी न येता सरकलं पाहिजे, पण डुलता कामा नये.

आता पातं. मूळ संचातलं पाव इंची पातं मिळालं असतं तरी तुमचं काम नीट झालं नसतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडे ६ चा म्हणून मिळणारा प्लाय मोजून बघा, बऱ्याचदा तो सहालाही कमी भरतो. तळ झिरीत खुळखुळला असता. तेव्हा पातं तुमच्या प्लायच्या मापाचं करूनच घ्या, प्लायपेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर जास्त.

डाय-पंच करणाऱ्यांकडे ओएचएनएस नावाचं पोलाद असतं. त्यांच्याकडे तुमच्या जुन्या पात्याच्या जाडीची उरलीसुरली पट्टी मागा, चहाच्या पैशात मिळते. जुन्या पात्यावर ठेवून आकार उतरवा. वर ॲडजस्टिंगच्या स्क्रूसाठी खाच असेल तर तीही हुबेहूब उतरवा. धारेपाशी पूर्ण रुंदी ठेवा आणि वर जाताना दोन्ही कडांना कानशीने केसभर निमुळतं करा. हे विसरलात तर पातं झिरीत पाचरीसारखं अडकतं. उतार ३५ अंशांचा काढा, पण धार आत्ताच पातळ करू नका. टोकाला अर्धा मिलिमीटर जाडी राहू दे, नाहीतर तापवताना तेच आधी जळतं.

मग पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं. आपण म्हणतो 'पाणी', पण या पोलादाला तेल लागतं. पाण्यात बुडवलंत तर चर्रकन तडा जाईल. गॅसच्या टॉर्चवर टोकाकडचा दीड इंच लाल करा. मधून मधून लोहचुंबक लावत राहा. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवा, साधारण ८०० अंशांपर्यंत, आणि सरळ उभं तेलात सोडा. आडवं टाकलंत तर वाकेल. तेल गोडंच चालतं, आधी कोमट करून घ्या. भांडं लोखंडी हवं, झाकण हाताशी हवं आणि हे सगळं अंगणात करायचं. तेल भडकतं. आमच्याकडे एकदा शेवगा जळता जळता वाचला. गार झालेल्या टोकावर कानस नुसती घसरली की जमलं. तरी अजून ते काचेसारखं ठिसूळ आहे. घासून चकचकीत करा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा, बाहेर काढून गार करा, पुन्हा तासभर. वाळल्या गवताच्या काडीचा फिका पिवळा रंग चढला पाहिजे. जांभळट झालं तर मऊ पडलं, पहिल्यापासून सुरुवात.

पुढच्या वेळी घेताना काय बघायचं? मडकं घेताना काय करता? वाजवता. रंध्याचंही तेच. सुटे भाग काढून ठेवा, म्हणजे त्यांचा खुळखुळाट मध्ये येत नाही. अंग सुतळीने लोंबकळत धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारा. धडधाकट बीड खणखणीत बोलतं. चिरलेलं असेल तर आवाज बद्द येतो, कपाळावर हात मारल्यासारखा. चीर डोळ्याला दिसतेच असं नाही. रंगाखाली लपते, गंजात लपते, आणि एका नगात तर विकणाऱ्याने ती काळ्या एम-सीलने लपवलेली मी पाहिली आहे. आवाज लपवता येत नाही.

"वेल्डिंग मारून घेऊ की," असं पुष्कळजण म्हणतात. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के. वेल्डिंगची जागा झटकन गार झाली की तिथलं बीड काचेइतकं कडक होतं आणि त्याच्या शेजारी नवी चीर पडते. पितळी डाग, म्हणजे पितळ वितळवून केलेला सांधा, मुठीला चालतो. अंगाला चालत नाही, ओढलं जाऊन तळ वाकडा होतो. अंग चिरलेलं असेल तर रंधा सुट्या भागांसाठी घ्या आणि किंमतही तेवढीच द्या.

दुसरं, तळाची उभी पातळ पट्टी. झिरीत उतरते ती हीच. तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, पुढची आणि मागची पट्टी एका रेषेत हवी. रंधा उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघा, बंदूक रोखल्यासारखं. बाजारात लोक बघतात, बघू देत.

घरी गेल्यावर गाईड पट्टीला समांतर आहे का ते पुढे आणि मागे मोजा. गाईडला दोन भोकं दिसतील, ती लाकडी पट्टी जोडायला असतात. सागाची किंवा शिसवीची, रंध्यापेक्षा थोडी लांब पट्टी जोडा. आधार वाढतो आणि हात डुलत नाही.

आणि झिरी मारताना फळीच्या पुढच्या, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या टोकाला सुरू करा. चार इंच मारा, मग थोडं मागे येऊन आठ इंच, असं मागे मागे या. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम ओढायला गेलात की रंधा रेषा सोडून लाकडाच्या शिरेमागे जातो. आमच्या वस्तादांनी मला हे शब्दाने कधी सांगितलं नाही. चुकलं की खडूचा तुकडा फेकून मारायचे. मी दोन महिने खडू गोळा केले.

प्रश्न : पतामाच्या रंध्यावर चांगलाच गंज आहे. व्हिडिओत लोक रंधा आरशासारखा करतात. मला तसा करायचा आहे, कुठून सुरुवात करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आरसा न्हाव्याच्या दुकानात शोभतो.

मीही एकदा या नादाला लागलो होतो. १९८७ साली मुंबईच्या चोरबाजारातून निकेल चढवलेला एक जुना रंधा आणला. निकेलवर बारीक पुरळ उठल्यासारखा गंज होता. फौंड्रीतलं ॲसिड पाण्यात घालून रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी बादलीत निकेल वेगळं आणि रंधा वेगळा. उरलेलं पापुद्र्यांसारखं नखाने निघत होतं. तो रंधा अजून चालतो, पण खरूज झालेल्या कुत्र्यासारखा दिसतो. तेव्हा निकेलवाल्या रंध्याला आंबट काहीही लावायचं नाही. मशीनचं तेल आणि भांडी घासायची तारेची घासणी, तीही हलक्या हाताने.

तुमचा रंधा साध्या बिडाचा असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरे. लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. सगळे भाग सुटे करून बुडवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. दोन-चार तासांत गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. रात्रभर विसरलात तर बीडच खाल्लं जातं आणि अंग राखेच्या रंगाचं होतं. बाहेर काढून घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच पुसा, उन्हात किंवा केस वाळवायच्या मशीनखाली कोरडं करा, लगेच तेल लावा. यातला 'लगेच' दोन्ही वेळा मनापासून लिहिलाय. ओलं बीड चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस होतं. मूळचा काळा रंग जिथे शाबूत आहे तिथे हात लावू नका. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा लावूनही गंज निघतो, पण त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधी लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड लावा, आणि खिडक्या उघड्या ठेवून नव्हे, सरळ बाहेर अंगणात करा.

घासून साफ करायच्या जागा तीनच : तळ, पात्याची बैठक आणि गाईड जिथे टेकतं ती बाजू. बाकीचं अंग तेल पुसून सोडून द्या.

स्क्रू अडकले असतील तर ताकद लावू नका. डिझेलचा थेंब टाकून दोन दिवस ठेवा. मग सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर पाच मिनिटं धरा आणि खाचेत घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर लावा. बसत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घासा, स्क्रूची खाच नव्हे. निघालेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेवा. या जुन्या कंपन्यांचे आटे त्यांचे त्यांचेच असतात, दुकानातला मेट्रिक स्क्रू दोन वळसे आत जातो आणि तिसऱ्याला बिडातले आटे खाऊन टाकतो. माझ्या डोळ्यांदेखत मरण पावलेल्या रंध्यांत गंजाने गेलेले कमी आणि चुकीच्या स्क्रूने गेलेले जास्त.

प्रश्न : रंध्याला नवा रंग मारावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नको.

प्रश्न : कुसाचे खांदे साफ करायला एक जुना खांद्याचा रंधा घेतला. पाते घासून दाढी होईल इतकी धार लावली आहे. तरी खांदा कोपऱ्यात साफ होत नाही, दर फेरीला एक बारीक पायरी उरते. माझा हात चुकतो आहे की रंधा? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : ताई, हात निर्दोष आहे. धार लावता येणाऱ्या माणसाचा हात एवढा चुकत नाही.

कुसू म्हणजे सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या खाचेत शिरणारी जीभ, आणि तिच्या मुळाशी असतात ते खांदे. ते साफ करणाऱ्या खांद्याच्या रंध्याचं पातं अंगापेक्षा केसभर रुंद असावं लागतं, दोन्ही बाजूंनी मिळून ०.१ ते ०.२ मिलिमीटर. जुन्या रंध्यात आधीच्या मालकाने पात्याच्या बाजू घासून ते अंगाबरोबर, किंवा त्याहून कमी, करून ठेवलेलं असतं. दिसायला छान दिसतं. मग रंध्याचं अंग कोपऱ्यात जाऊन टेकतं आणि पातं मागे राहतं. दर फेरीला तेवढीच ओळ कापायची राहते, तीच तुमची पायरी.

आधी पात्याची रुंदी आणि अंगाची रुंदी व्हर्नियरने मोजा. पातं कमी भरलं तर त्याला इलाज नाही, वर पुणेकरांना सांगितलं तसं नवं करून घ्या. उतार मात्र ३५ ऐवजी २५ अंशांचा ठेवा. या रंध्यात पातं उताणं बसतं, उतार वर, म्हणून उतार वाढवला की कापायचा कोन वाढतो. पातं पुरेसं रुंद असेल तर ते एका बाजूला सरकून बसलेलं आहे. रंधा कुशीवर काचेवर ठेवा, अंगाखाली वर्तमानपत्राचा एक कागद घाला, पात्याखाली घालू नका. पातं सैल करून काचेला टेकू द्या आणि तसंच आवळा. त्या बाजूला कागदाच्या जाडीइतकं पातं बाहेर आलं.

यानंतरही खांदा तिरका येत असेल तर तळ आणि बाजू यांच्यात गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे बघा. फट दिसली तर तळ घासायचा, बाजू नाही. जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. पातं आत ओढून घ्या, पण क्लॅम्प नेहमीसारखा आवळलेला ठेवा. क्लॅम्पच्या दाबाने अंग किंचित ताणलेलं असतं आणि काम करताना ते तसंच असणार आहे. तळावर मार्करच्या रेघा ओढून घासा, रेघ जिथे उरली तिथे खड्डा. दर वीस घासण्यांनंतर गुण्या लावा. घाईत तळ गोल करून ठेवलेले रंधे मी बरेच पाहिले, त्यातला एक माझा.

प्रेस्टन, रेकॉर्ड असल्या नावाचा जुना खांद्याचा रंधा असेल तर पातं सरकवायला त्याला हातोडीने ठोकायचं नाही. चिमटीत धरायचं हत्यार आहे ते.

प्रश्न : आजोबांचे गोल्या-गलत्याचे (लाकडाच्या कडेला गोल, वळणदार आकार काढायचे) ११ लाकडी रंधे माळ्यावर सापडले. दोन भुंग्याने पोखरलेत, काहींच्या पाचरी सैल आहेत. आईचे म्हणणे, व्हार्निश मारून दिवाणखान्यात लावू. मला ते चालवायचे आहेत. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : आईंना दोन द्या, पोखरलेले. बाकी नऊ तुमचे. घरात शांतता राहील.

पोखरलेले भिंतीवर लावायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. आतल्या अळ्या मरतात. तसेच लावलेत तर भुंगा तुमच्या शोकेसमध्ये संसार थाटेल. आईंना म्हणावं, मासे दुसरीकडे ठेवा.

व्हार्निश मात्र दोघांनाही नको. पातं बसतं ती बैठक आणि पाचर या दोन जागी लाकडाला लाकूड धरतं. तिथे व्हार्निश पडलं की पाचर तुळतुळीत होते, ठोकली की बसल्यासारखी वाटते आणि चार हात मारले की निघून हातात येते. वरून जवसाचं तेल पातळ पुसा आणि फडक्याने निपटून काढा. तेलाची ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

सैल पाचरीला कागद, चिंधी, काही भरायचं नाही. पाचरीवर पेन्सिलीचं शिसं चोळा, ठोका, काढा, काळा डाग बैठकीला कुठे लागला ते बघा. लागला तेवढ्या जागी पाचर पटाशीने खरवडा. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालू ठेवा. फारच बारीक झाली असेल तर नवी करा. तुमच्याकडे शिसवीला काय तोटा!

खरं काम पात्यात आहे. गोल्याच्या पात्याची धार तळाच्या आकाराशी तंतोतंत जुळावी लागते. वर्षानुवर्षं अंदाजाने धार लावून आजोबांनी, माफ करा, किंवा त्यांच्या नंतर कुणी, आकार बिघडवलेला असणार. पात्याच्या सपाट बाजूला निळी शाई लावा, पातं जागेवर बसवून अगदी थोडं बाहेर काढा आणि सुईने तळाची रेघ शाईवर ओढा. त्या रेघेबाहेरचं जे काही आहे ते घासून काढायचं. गोल दांडक्यावर पॉलिशपेपर गुंडाळून आतल्या वळणाची धार लागते. बाहेरच्या वळणाला साधा दगड चालतो, पण दगडाची मधली जागा खड्डा पडून वाया जाते. कडेची वापरा.

तळावर मेणबत्ती चोळा. कोकणातल्या पावसाळ्यात पात्यांना शिलाई मशीनचं तेल, आणि पेटीत खडूचे दोन-चार तुकडे. खोबरेल लावू नका असं मी म्हणत नाही, पण ते जुनं झालं की वास मारतं.

तुमच्या आजोबांनी पेटीच्या झाकणाच्या आत काही खुणा केल्या असतील, रेघा, आकडे. पुसू नका. कुठला रंधा कुठल्यानंतर चालवायचा त्याचा हिशेब असू शकतो.

प्रश्न : काका, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'स्टॅन्ले ४५' घेतला तर झिरी, पताम, गोला, सगळं एकाच रंध्यात होतं ना? मग वेगवेगळे कशाला घ्यायचे? – एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : बाळा, हाच प्रश्न अमेरिकेतल्या लोकांना १८८० च्या दशकात पडला होता, म्हणून तर कनेक्टिकटच्या स्टॅन्लेवाल्यांनी तो काढला आणि १९६२ पर्यंत विकला. हत्यार म्हणून मी त्याला हात जोडतो. पण पहिला रंधा म्हणून घेऊ नकोस. साध्या रंध्यात पात्याच्या पुढे तळ असतो, तो लाकूड दाबून धरतो म्हणून ढलपी फाटत नाही. ४५ मध्ये दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये उघडं पातं. सरळ रेषांच्या लाकडात लोणी. शिरा उलट्या आल्या की सागाचे तुकडे उपटून काढतो आणि नवशिक्याला वाटतं धार कमी आहे. शिवाय झिरी संपवून पताम मारायचा म्हणजे अर्धा तास स्क्रूंशी झटापट. हौशी माणूस त्या अर्ध्या तासात चहा प्यायला जातो आणि परत येत नाही.

तू 'स्टॅन्ले ७८' किंवा 'रेकॉर्ड ७७८' अशा पतामाच्या रंध्यापासून सुरू कर. घेताना गाईड, खोलीचा स्टॉप आणि कडेची नखी आहे का बघ. नखी म्हणजे आडव्या शिरा आधी कापून ठेवणारी ती फुलाच्या आकाराची बारकी चकती. तोंडाशी चीर आहे का तेही बघ, एका बाजूने अंग उघडं असल्यामुळे तिथे बीड नाजूक असतं. बाकी वर लिहिलंय.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त शेफिल्डला असतो. सांगलीत बाबा निवृत्तीनंतर सुतारकाम शिकत आहेत. दिवाळीला येताना त्यांच्यासाठी जुने रंधे आणायचे आहेत. काय आणू, कसे आणू? – एक वाचक, शेफिल्ड

उत्तर : तुम्ही विहिरीच्या काठावर उभं राहून पाणी कुठे मिळेल विचारताय. रेकॉर्ड हे नाव ज्या हॅम्प्टन कंपनीचं, ती १८९८ साली तुमच्याच गावात सुरू झाली. रविवारी मैदानात लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात ना, तिथे पहाटे जा. डबा, कागद आणि सगळी पाती यांच्यासकट रंधे निघतात ते तिथेच.

बाबांसाठी तीन आणा. ७७८, त्याच्या गाईडला एकाऐवजी दोन दांड्या असतात, नवख्या हाताला बरं. झिरीसाठी लहान ०४३, त्याला पाती तीनच लागतात, १/८, ३/१६ आणि १/४ इंच, म्हणून संच पूर्ण मिळायची शक्यता जास्त. आणि खाचेचा तळ सपाट करायचा ०७१, ज्याच्या साध्या लाकडी भावाला इंग्लंडात म्हातारीचा दात म्हणतात. बघितलात की नाव पटेल. त्याचं एल आकाराचं पातं घेताना वाकलेलं नाही ना, आणि ते आवळणारी कडी आहे ना, एवढं बघा.

हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. पाती काढून वेगळी गुंडाळा, धारेला पुठ्ठा. दांड्या सोडवा. बीड पडलं तर वाकत नाही, तुटतं, तेव्हा प्रत्येक अंग जाड टॉवेलात आणि बॅगेच्या मधोमध. चाकांच्या बाजूला कधीच नाही.

आता माझं एक काम. आमच्या धंद्यात कोअर बॉक्स म्हणजे अर्ध्या नळीसारखी खोबण असलेला लाकडी ठोकळा. ती खोबण कोरायला 'स्टॅन्ले ५७' नावाचा रंधा यायचा. त्याचा तळ दोन बाजूंचा, मध्ये बरोबर ९० अंश, आणि पातं त्या कोपऱ्याच्या टोकाला. अर्धवर्तुळात काढलेला कोन काटकोन असतो, हे शाळेत शिकलेलं. रंध्याच्या दोन बाजू खोबणीच्या दोन कडांवर टेकवल्या की टोक कुठेही फिरवा, ते अर्धवर्तुळावरच राहतं. भूमितीने कापायचं, हाताने नुसतं ढकलायचं. वस्तादांनी सागवानी ठोकळ्यात आमच्यासाठी एक केला होता, त्यावर मी तीस वर्षं काढली. खरा मात्र फक्त कॅटलॉगमध्ये पाहिला.

कुठे दिसला तर वाजवून बघा, बाजू वाढवायच्या पट्ट्या बरोबर आहेत का बघा, आणि किंमत मला कळवा. घेऊ नका. आधी घरात काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.